पिंजऱ्याचा खटका पडल्यानंतर

पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे सरकू लागले, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी कचेऱ्यांत जी धावपळ उडते, तिच्या किती तरी आधी नदीकाठच्या जमिनीखाली दुसरे एक स्थलांतर मुकाट्याने सुरू झालेले असते. बिळांत पाणी शिरल्यामुळे निराश्रित झालेले उंदीर आणि घुशी, व त्यांच्या मागोमाग त्यांच्यावरच उपजीविका करणारे साप, असा सारा परिवार उंचवट्याच्या शोधार्थ निघतो; आणि शहरातला सर्वांत कोरडा, सर्वांत उबदार व अन्नधान्याने सर्वांत समृद्ध असा उंचवटा म्हणजे माणसाचे घर, हे ज्ञान त्यास उपजतच असावे अशा सहजतेने तो आपल्या उंबऱ्याशी येऊन दाखल होतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये याच बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते, तेव्हाचे हाल पुन्हा सांगावयास नकोत. परंतु महापूर ही झाली अपवादाची गोष्ट. एरवीही शाहू मार्केट यार्डातल्या गुळाच्या रव्यांवर आणि लक्ष्मीपुरीतल्या धान्याच्या थप्प्यांवर ज्यांचा पिढीजात हक्क आहे, कारखान्यांचे गाळप सुरू होऊन शिवारातला ऊस आडवा होऊ लागला की ज्यांचा आसरा एका रात्रीत नाहीसा होतो, आणि शिवाजी पेठेपासून शुक्रवार पेठेपर्यंत अद्याप तग धरून असलेल्या मातीच्या भिंतींनी, माळ्यांनी व कौलारू छपरांनी ज्यांची राहण्याची सोय परंपरेने करून ठेवली आहे, अशा जीवांची या नगरात कधीच वाण नव्हती.

या बिनबोलावलेल्या मंडळींविषयी आपली पहिली चूक ही की आपण सर्वांस सरसकट ‘उंदीर’ म्हणतो. स्वयंपाकघराच्या फडताळात रात्री खुडबुड करणारा लहानखुरा उंदीर निराळा, माळ्यावरून व कौलांखालून धावणारा लांब शेपटीचा काळा उंदीर निराळा, आणि मोरीच्या तोंडातून वर येऊन भिंतीच्या पायाशी घमेलेभर माती उकरून ठेवणारी घूस तर सर्वस्वी निराळी. भिंतीच्या कडेने नाक लांबवून चिर्रर्र करीत जाणारी चिचुंद्री ही तर उंदरांच्या कुळातली नव्हेच. झुरळे, किडे, गांडुळे हा तिचा आहार, धान्याला ती तोंड लावीत नाही, आणि तिचा उग्र दर्प सोडला तर तिच्याविरुद्ध दाखल करण्याजोगी दुसरी फिर्याद नाही. रंकाळ्याच्या पलीकडे नव्या वसाहती उसाच्या रानात शिरत चालल्या आहेत, तेथे मुंगूस दिसते, आणि छपराखाली रात्रभर कोणी तरी माणूस चालतो आहे अशी भीती घरच्यांस घालणारे उदमांजरही मुक्कामास येते. कोणाशी गाठ आहे हे ठरल्यावाचून उपाय ठरत नाही, आणि पिंजरा विकत आणण्यापूर्वी एखाद्या रात्री विजेरी घेऊन माळ्यावर डोकावण्याचे श्रम बहुधा कोणी घेत नाही.

पिंजरा हे यंत्र मोठे साधे व तितकेच चतुर आहे. तारेच्या जाळीची किंवा लाकडाची एक लांबट पेटी, एका तोंडाला स्प्रिंगने ताणलेली झडप, आत छपरातून लोंबणारा एक आकडा, आणि आकडा व झडप यांना जोडणारी एक सळई, एवढाच त्याचा संसार. आकड्याला लावलेला घास ओढला की सळई निसटते, खटका पडतो, आणि आत गेलेला जीव इजा न होता कैद होतो. याच तत्त्वावर अमेरिकेतल्या शर्मन नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या पूर्वार्धात पत्र्याची घडीची पेटी तयार केली, आणि रानातल्या उंदरांची मोजदाद करणारे संशोधक आजही जगभर तीच पेटी खांद्यावरून वाहतात; तिच्यात पाय ठेवण्याची एक फळी असते, तिच्यावर भार पडताच दार मिटते. आपल्या बाजारात नरसाळ्यासारख्या तोंडाचा, खटका नसलेला आणखी एक मोठा पिंजरा मिळतो, त्यात आत जाणे सुलभ व बाहेर येणे दुष्कर असल्यामुळे एका रात्रीत चार-पाच जण सापडू शकतात, आणि म्हणून गोदामवाल्यांची पसंती त्याला.

परंतु यंत्र कितीही चतुर असले तरी ते लावणारा अधीर असेल तर व्यर्थ. मोठा उंदीर नव्या वस्तूविषयी विलक्षण साशंक असतो. काल जेथे काही नव्हते तेथे आज पिंजरा दिसला, तर त्यातल्या भज्याचा वास कितीही मोहक असो, तो वळसा घालून पुढे जातो. यासाठी जाणकार लोक पहिल्या काही रात्री झडप बांधून उघडीच ठेवतात, आत खाणे ठेवतात, आणि पिंजरा हा घरातला नेहमीचा पदार्थ आहे अशी पाहुण्याची खातरी पटल्यावरच खटका चढवितात. लहान उंदीर याच्या अगदी उलट, जात्याच चौकस. तो पहिल्याच रात्री येऊन पाहतो. पिंजरा खोलीच्या मध्यभागी ठेवण्यात अर्थ नाही, कारण हे प्राणी मिशांनी भिंत चाचपीत तिच्या कडेकडेने चालतात; त्याचे तोंड भिंतीच्या रेषेत, लेंड्या आढळतात त्या वाटेवर असावे. घास कोणता, याविषयी कोल्हापुरात मतभेदास जागा नाही: कांदाभजी सर्वमान्य, घर सामिष असेल तर सुक्या बोंबलाचा तुकडा, आणि या दोहोंपैकी काही नसेल तर गुळात मळलेले शेंगदाणे. घास दोऱ्याने आकड्याला आवळून बांधावा, नाही तर तो अलगद उचलून नेणारे हस्तकुशल महाभाग असतात. आणि त्या रात्री ओट्यावर खरकटे, डब्याबाहेर पीठ, दाराशी कुत्र्याची भाकरी असे काही उरता कामा नये. बाहेर पंगत मांडलेली असताना कैदेत जेवावयास कोण जाईल?

एवढे झाले, खटका पडला, सकाळ झाली, आणि पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसलेले दोन काळेभोर डोळे घरातल्या मुलांनी पाहिले, की या विद्येचा खरा प्रश्न उभा राहतो, आणि नेमका तोच प्रश्न पिंजरा विकत घेताना कोणी स्वतःस विचारलेला नसतो. मारावयाचे नाही म्हणून तर पिंजरा आणला. मग आता याचे करावयाचे काय? गणपतीचे वाहन म्हणून आजीचा एक पक्ष, प्लेगचा कारक म्हणून आजोबांचा दुसरा, आणि शाळेची वेळ झाली म्हणून आईचा तिसरा. अखेरीस तडजोड म्हणून हद्दपारीचा हुकूम होतो. घरातला कर्ता पुरुष तो पिंजरा पिशवीत घालून, आजूबाजूस कोणी पाहत नाही अशी खातरी करून, गल्लीच्या टोकाशी असलेल्या रिकाम्या जागेत किंवा नदीच्या वाटेवर आरोपीस मोकळा सोडून येतो. पलीकडच्या गल्लीतले गृहस्थही त्याच बेताने निघालेले असल्यामुळे दोन पेठांमध्ये उंदरांची ही अदलाबदल वर्षानुवर्षे बिनतक्रार चालू राहते. सुटलेला जीव पुन्हा न येण्याचा मुचलका लिहून देत नाही. जवळ सोडला तर तो परतण्याचा संभव फार. कारण आपला परिसर तो वासावरून, वाटेवरून नेमका ओळखतो. दूर सोडला तर त्याचे पुढे काय होते, हे पाहण्यास आपण थांबत नाही, आणि आपल्या भूतदयेचे समाधान बहुतांशी या न थांबण्यावरच उभे आहे.

जिवंत पकडणे म्हणजे दया करणे, हे समीकरण वस्तुतः फार अलीकडचे. कोल्हापूरच्या इतिहासात जिवंत धरण्याची कला दयेच्या पोटी नव्हे, शिकारीच्या पोटी वाढली. ज्या काळी येथील दरबारचा शिकारखाना देशभर नावाजलेला होता आणि डोळ्यांवर पट्टी बांधलेले चित्ते गाडीवरून माळावर नेऊन काळविटांमागे सोडले जात, त्या काळी हे चित्ते पिंजऱ्यात जन्मलेले नसत. कैदेत चित्त्याची वीण होणे ही तेव्हा जवळजवळ अशक्य गोष्ट होती. चित्ते ज्या ठराविक झाडांशी खुणा करण्यासाठी वारंवार येतात, तेथे तातीचे फास मांडून रानातला प्रौढ चित्ता धरावयाचा, उपाशी व जागता ठेवून त्याचा मद उतरवावयाचा, आणि मग महिनोन्महिने त्यास माणसाळावयाचे, ही पद्धत. इजा होऊ न देता प्राणी पकडण्यात फासेपारध्यांची बरोबरी कोणी करू शकले नसते. परिणाम एवढाच झाला की रानातली मूळ पुंजी आटत गेली, आणि १९१८ ते १९४५ या दरम्यान कोल्हापूर, भावनगर आदी संस्थानांना आपले चित्ते आफ्रिकेतून मागवावे लागले. फासात सापडलेल्या त्या प्राण्यांच्या अंगावर कदाचित एक ओरखडाही नव्हता.

आजोबांच्या पक्षालाही दोन शब्द दिले पाहिजेत. १८९६ साली मुंबईत उतरलेला प्लेग पुढील काही वर्षांत दक्षिणेतल्या संस्थानांतून पसरला, आणि शाहू महाराजांना रयतेस गावठाणाबाहेर झोपड्यांत नेऊन ठेवण्याची तजवीज करावी लागली, त्या वेळी उंदीर मरून पडू लागले की माणसांचा क्रम लागतो एवढे सर्वांस दिसत होते. का, ते कोणास ठाऊक नव्हते. हे कोडे ज्याच्या साहाय्याने सुटले, तो चक्क एक लहानसा तारेचा पिंजराच होता. त्या काळी मुंबई इलाख्यातच मोडणाऱ्या कराची शहरी १८९८ च्या जूनमध्ये पोल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने प्लेगने आजारी असलेला, अंगावर पिसवा असलेला एक उंदीर काचेच्या मोठ्या बरणीत ठेवला, आणि निरोगी उंदीर जाळीच्या पिंजऱ्यात घालून तो पिंजरा त्याच बरणीत अशा रीतीने सोडला की दोघांचा स्पर्श होऊ नये. पहिला मेला; त्याचे शरीर थंड पडताच पिसवा जाळीतून दुसऱ्याकडे गेल्या; काही दिवसांनी दुसराही प्लेगनेच मेला. विद्वानांनी ही गोष्ट मान्य करावयास पुढे कित्येक वर्षे घेतली. आज प्लेगचे भय उरलेले नसले तरी उंदराच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस पुराच्या पाण्याबरोबर दर पावसाळ्यात हजेरी लावतो. तेव्हा पिंजरा उघड्या हाताने उचलू नये, मुलांना त्यात बोट घालू देऊ नये, आणि काम झाल्यावर तो साबणाच्या कढत पाण्याने धुऊन उन्हात टाकावा.

कायद्याची बाजू याहून कमी लोकांस ठाऊक आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ यात ‘शिकार’ या संज्ञेची जी व्याख्या आहे, तीत ठार मारण्याबरोबरच पकडणे, फासात वा सापळ्यात धरणे, आमिष दाखविणे, आणि यांपैकी कशाचाही नुसता प्रयत्न करणे, हे सर्व अंतर्भूत होते. घरातले उंदीर व घुशी यांना या अधिनियमाचे संरक्षण नाही. पूर्वी त्यांची गणना उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत होत असे, ती अनुसूची २०२२ च्या दुरुस्तीने, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, रद्द झाली, तरी त्यांच्या नशिबात त्याने फरक पडलेला नाही. उदमांजर, मुंगूस, वानर, नाग यांचे मात्र तसे नाही. उदमांजरासाठी मोठा पिंजरा गाठून त्यात पिकलेली केळी टांगणारा सद्‌गृहस्थ, त्याचा हेतू कितीही सात्त्विक असला तरी, कायद्याच्या भाषेत शिकारीच ठरतो. शेजारच्या सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याची नागपंचमी हे याचे सर्वपरिचित उदाहरण. तेथे नाग मारण्याचा प्रश्नच नव्हता. ते श्रद्धेने धरले जात, पूजिले जात आणि सोडले जात. तरीही धरणे हे धरणेच, या न्यायाने उच्च न्यायालयाच्या आदेशांनी त्या प्रथेस बंदी आली. असा पाहुणा घरात आला असता वनखात्यास कळवावे, १९२६ हा त्या खात्याचा मदतीचा क्रमांक आहे, आणि माणूस येईपर्यंत त्या खोलीचे दार लावून स्वस्थ बसावे.

सोडण्यामागच्या भाबडेपणाचा सर्वांत मोठा व सर्वांत महाग धडा महाराष्ट्राने उंदरावर नव्हे, बिबट्यावर घेतला आहे. जुन्नरच्या वनविभागात २००१ ते २००३ या काळात, उसात राहणाऱ्या बिबट्यांविषयी तक्रारी वाढल्या म्हणून, पिंजरे लावून ते मोठ्या संख्येने धरण्यात आले आणि सरासरीने सुमारे ४० किलोमीटर अंतरावरच्या अरण्यांत नेऊन सोडण्यात आले. कोणासही वाटावे, याहून सौम्य उपाय कोणता? पण विद्या अत्रेय व त्यांचे सहकारी यांनी या प्रकरणाचा जो अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात आढळले ते असे की माणसांवरील हल्ले आधी वर्षाला सरासरी ४ होत, ते या मोहिमेनंतर १७ वर गेले. परक्या मुलुखात अकस्मात टाकलेला, पकडाधकडीने बिथरलेला प्राणी अधिक घातकी होतो, आणि त्याची रिकामी झालेली जागाही रिकामी राहत नाही. २००९ साली टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेला एक वयस्क बिबट्या वर काढून, गळ्यात यंत्र बांधून माळशेज घाटात सोडला, तर तो महामार्ग व लोहमार्ग ओलांडीत आणि वसईची खाडी पोहून जात सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाशी पोहोचला. ‘आजोबा’ असे नाव पडलेल्या याच बिबट्यावर पुढे मराठी चित्रपट निघाला. लहान प्राण्यांची कथा निराळी नाही, फक्त ती सांगणारे यंत्र त्यांच्या गळ्यात नसते. अमेरिकेत वस्तीतल्या ३८ करड्या खारी पकडून दाट रानात सोडल्या, व त्यांचा माग ठेवला. ९७ टक्के खारी तीन महिन्यांच्या आतच मेल्या किंवा त्या रानातून नाहीशा झाल्या. बीळ नाही, साठा नाही, शत्रू कोठून येतो याची माहिती नाही, आणि जी जागा बरी आहे ती दुसऱ्याने आधीच बळकावलेली. घरातल्या उबेत वाढलेला लहान उंदीर चिखली रोडच्या माळावर सोडणे म्हणजे त्याला घारीच्या किंवा मांजराच्या स्वाधीन करणे, यात संशय नको. शिक्षा आपणच दिली, अंमलबजावणी दुसऱ्याकडे सोपविली, एवढाच फरक.

मग उंदराच्या बाबतीत योग्य ते काय? माझे मत लोकप्रिय होणार नाही. उंदीर एकदोनच असतील, आणि ज्या भोकातून ते आले ते सापडून बुजविले असेल, तर पकडलेला उंदीर घराबाहेर, भिंतीलगतच्या झुडुपाशी, अंधार पडल्यावर सोडावा. त्याचे दैनंदिन फिरणे तीस-पन्नास मीटरांच्या परिघातले असल्यामुळे ती जागा त्याच्या परिचयाची असते. भोक सापडले नसेल तर हा सारा खटाटोप निरर्थक होय. आणि उपद्रव मोठा असेल, धान्याची नासाडी व रोगाचे भय असेल, तर मारणे हाच निर्णय प्रामाणिक; मात्र तो क्षणात प्राण घेणाऱ्या जुन्या कमानीच्या सापळ्याने अमलात आणावा. जिवंत उंदरासह पिंजरा बादलीत बुडविण्याची जी रीत घरोघर आहे, ती बुडविणाऱ्यास सोपी वाटते, बुडणाऱ्यास नव्हे. गोंदाच्या पट्ट्या तर त्याहूनही निंद्य. त्यांवर चिकटलेला प्राणी तासन्‌तास जिवंत राहतो, कातडी सोलून घेतो, पाय कुरतडतो, आणि त्या पट्टीवर पाली, चिमण्या, चिचुंद्र्या यांपैकी कोणीही सापडतो. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाने या पट्ट्यांवर बंदी घालण्याविषयी राज्यांना कळविले आहे, इंग्लंडात व न्यूझीलंडमध्ये सामान्य माणसाने त्या वापरण्यास मनाई आहे; आपल्याकडे त्या किराण्याच्या दुकानात साबणाशेजारी लटकतात.

पिंजरा लावावयाचाच, तर लावणाऱ्याने पहारेकऱ्याचे कर्तव्य पत्करले पाहिजे. तो रात्री व भल्या सकाळी पाहावा. गावाला जाताना चढविलेला खटका उतरवून जावा. आत फाटक्या कापडाचा बोळा व काकडीची एक फोड असावी, कारण लहान उंदीर थंडीने व तहानेने काही तासांत मरू शकतो. आणि चिचुंद्री सापडली तर विचारविनिमयात वेळ न घालविता तिला तत्काळ परसात सोडून द्यावे. तिच्या इवल्या देहातली आग इतकी प्रखर असते की काही तास अन्न न मिळाले तरी तिचा अंत होतो.

राहता राहिली ती दारे-खिडक्यांची गोष्ट, आणि सारे मर्म तेथेच आहे. लहान उंदराला शिसपेन्सिल जाईल एवढी फट पुरते. उंदरांचे पुढचे दात जन्मभर वाढत राहत असल्यामुळे लाकूड, प्लास्टिक वा कच्चा गिलावा हे त्यांना अडथळे वाटत नाहीत; भोकात आधी भांडी घासावयाची लोखंडी तार दाबून भरावी आणि वरून सिमेंट लिंपावे. मोरीच्या तोंडाला जाड जाळी, दाराच्या तळाशी पत्र्याची पट्टी, आणि घराशी टेकलेल्या आंब्या-पेरूच्या फांद्यांची छाटणी, एवढ्याने निम्म्याहून अधिक वर्दळ थांबते. घुशीचे बीळ एका टोकाने बुजविले तर ती दुसऱ्याने निघते, म्हणून तिच्या सर्व वाटा शोधून भिंतीलगत विटांचे तुकडे व काचा घालून पक्का कोबा करावा लागतो; हे काम खर्चाचे आहे आणि ते टाळण्यासाठीच पिंजऱ्याचा व्यापार चालतो.

उदमांजराच्या बाबतीत घाई करू नये. माळ्यावर पिले असताना वाट बंद केली तर बाहेर राहिलेली आई कौले उचकटून आत शिरते, आणि तसे जमले नाही तर पिले आत उपाशी मरून महिनाभर घरात दुर्गंधी राहते. पिले आईमागे बाहेर पडू लागेपर्यंत थांबावे. मग माळ्यावर काही रात्री दिवा जळत ठेवला व आवाज केला, म्हणजे ते कुटुंब आपण होऊन दुसरीकडे बिऱ्हाड हलविते. त्यानंतर वैशाखात घर शाकारावयास माणसे येतील तेव्हा फुटकी कौले बदलून घेण्याबरोबरच आढ्याच्या व वळचणीच्या फटींना अर्ध्या इंचाच्या जाळीचा पट्टा खिळ्यांनी ठोकून घ्यावा. शाकारणारे कुरकुर करतील, दिवसभराची मजुरी जास्त मागतील; ती द्यावी, आणि जाळी ठोकताना स्वतः शिडीवर चढून पाहावे, कारण कोपऱ्यातली शेवटची हातभर जागा ते हमखास सोडतात.